सातवी सीट

दिंद्रुड
२ जून २०२५

जीवनराव,

हे पत्र मी हौसेनं लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. दादांचा हुकूम आहे. नवनाथभैया आणि वहिनी, म्हणजे तुमची दीपाक्का, कॅनडातून दोन्ही घरी वेगवेगळा फोन करतात. आमच्याकडं एक ठरतं, तुमच्याकडं दुसरं. परवा तर तुमचे आप्पा आणि आमचे दादा विमानाची तारीख सांगता सांगता लग्नातल्या आहेरावर गेले. तेव्हा दादांनी ठरवलं, इथून पुढं सहलीचं सगळं कागदावर. प्रत्येक घरातून एकानं लिहायचं. छत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. त्यांचा पाकिटावर जेवढा विश्वास आहे तेवढा पोटच्या पोरांवर नाही. आमच्याकडून मी. तुमच्याकडून तुम्ही, कारण कॉलेज अर्ध्यात टाकून आल्यापासून तुम्हाला वेळच वेळ आहे. हे दादांचे शब्द, मी फक्त उतरवले.

तुमचं पत्र दादा स्वतः ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतील. ते लक्षात ठेवून लिहावं.

भैयानं पाठवलेला बेत सोबत आहे. गौरी उठल्या की विमान. वीस सप्टेंबरला कॅलगरीहून गाडी निघेल. बांफ दोन रात्री, जास्पर दोन, कॅमलूप्स दोन, व्हँकुव्हर तीन, मग परत. तिकडं त्या दिवसांत झाडं पिवळी होतात आणि लोक ती बघायला लांबून येतात म्हणे. शहरं, जंगल, डोंगर, सगळं एका फेरीत. आप्पांचं म्हणणं कळवा.

मंजुषा


चौसाळा
९ जून

मंजुषाताईंना, आणि मोठ्यानं वाचणाऱ्या मामांना रामराम.

बेत वाचला. पिवळी पानं बघायला माणसं विमानानं जातात हे वाचून मी उठलो आणि आमच्या बांधावरचा लिंब बघून आलो. तो दरसाल फाल्गुनात पिवळा पडतो. त्याच्याखाली आजवर कुणी फोटो काढला न्हाई. दाजींनी तर कुठल्या तळ्यापाशी किती मिनिटं उभं राहायचं तेसुद्धा लिहिलंय. असंच वेळापत्रक माझ्या कॉलेजात होतं. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं, मी कॉलेजबाहेर पडलो. मामांना पूर्ण हकिगत हवी असंल तर वेगळं पाकीट टाकतो.

आप्पांनी बेत ऐकला तो मेंढरांत उभं राहून. मी एकेक गाव वाचायचं, त्यांनी मान हलवायची. जंगलातला मुक्काम आला तसं विचारलं, रान कुणाचं? त्याला आधी कळवलंय का? मी म्हणालो, सरकारचं रान हाय, परवानगी काढली की झोपू देतात. आप्पांना ते पटलं न्हाई. आपण कुणाच्या शेतात मेंढरं बसवली तर तो खताच्या बदल्यात ज्वारी देतो. नुसती माणसं बसवून त्या सरकारला काय मिळणार, आणि काही मिळत नसताना ते कशापायी बसवून घेतं, ह्यावर ते अजून विचार करतायत.

बांफ चाललं, जास्पर चाललं. कॅमलूप्सला आप्पांनी हात वर केला. तिथं काय हाय? दाजींनी बाकी प्रत्येक गावापुढं दहा दहा ओळी लिहिल्यात, ह्याच्यापुढं नुसतं 'विश्रांती'. मी मोबाईलवर बघितलं. बोडके डोंगर, एक नदी आणि गवत. आप्पा म्हणाले, बघण्यासारखं काही नसलेल्या जागी मेंढरांचा वाडा दोन रात्री थांबतो तो दोनच कारणांनी. एक तर मेंढी व्यायला आलेली असती, न्हाईतर माणूस दुखण्यानं पडलेलं असतं. आपल्यात कोण व्यायला आलंय?

म्हणून मी कॅमलूप्स काटलं आणि ते दोन दिवस जास्परला जोडले. सुधारलेला बेत सोबत. ज्यानं हा मुक्काम घातला त्याला वाट काढायची अक्कल न्हाई, एवढंच म्हणतो.

आणखी एक. दीपाक्काच्या लग्नात पंगतीत बुंदी तुम्ही वाढत होतात. मी तीनदा घेतली. मला बुंदी आवडत न्हाई. ह्याचा सहलीशी संबंध न्हाई, पण सगळं कागदावर असावं हे मामांचंच म्हणणं हाय.

जीवन आप्पाराव


दिंद्रुड
१७ जून

जीवनराव,

पत्र आलं. दादांनी वाचलं, ऐकायला आई, मी आणि शेजारच्या भिवराबाई. 'कोण व्यायला आलंय' इथं भिवराबाईंना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. बुंदीचं वाक्य दादांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, आवडत नाही तर तीनदा घेतली कशाला, अन्नाची नासाडी. आई म्हणाली, लाजतंय पोरगं, आवडतच असणार. तिनं तुमच्यासाठी बुंदीचा डबा भरला आहे, उद्याच्या एसटीनं येईल.

कॅमलूप्स परत घातलं आहे, दादांनी, लाल शाईनं. तो मुक्काम भैयाचा नव्हे, दादांचाच होता. तेव्हा अक्कल कुणाला नाही, ते तुम्ही त्यांना त्यांच्याच तोंडानं वाचायला लावलंत. दादांचं म्हणणं, मुलाकडच्यांनी ठरवलेल्या मुक्कामावर मुलीकडच्यांनी काट मारायची नसते. आणि दीपमालाला आम्ही अजून कधी बोल लावलेला नाही, असंही म्हणाले. यातला 'अजून' तुम्हाला कळेल अशी आशा आहे.

दुसरं. गाडी सात जणांची. भैया, वहिनी, आप्पा, तुमच्या आई, आमचे दादा, आई. झाले सहा. व्हिसा आपल्या दोघांचेही आले असले तरी सीट एकच उरते. दादांनी माझं नाव घातलं आहे. मेंढरांजवळ कुणीतरी लागणारच, ते तुम्ही राहाल. आप्पांना तसं सांगा.

मंजुषा


चौसाळा
२४ जून

मंजुषाताई,

डबा मिळाला. खाल्ली.

सीट एकच, हे आधी कळवायला काय झालं होतं? मला वाटत होतं आपण दोघंही हाय. दोन आठवडे मी त्या नकाशात तोंड घालून बसलोय. कुठं चढ, कुठं पेट्रोल, कुठं आमच्या मायला उतरून पाय मोकळे करता येतील, सगळं पाठ झालंय, आणि आता मी मेंढरांमागं जायचं. दाजी एवढे कॅनडात राहतात, त्यांना आठ माणसांची गाडी मिळत न्हाई? आमच्या चौसाळ्यात जीपमध्ये चौदा बसतात.

लाल शाई बघितली. मामा, पत्ता नसलेलं पाकीट तुम्ही छत्तीस वर्षं परत पाठवलंत, मग कारण नसलेला मुक्काम कसा काय ठेवता? आप्पा गप्प हायत, ते दीपाक्कासाठी. मला गप्प बसता येत न्हाई, ही सरांचीही तक्रार होती.

असो. मंजुषाताई जातायत तर जाऊ द्या. ती पानं मी बघितली काय, न बघितली काय. त्यांनी बघितली तर पानांना तरी बरं वाटंल. मेंढरं मी राखीन. माझ्याकडून वाद संपला.

जीवन


माजलगाव
३० जून

जीवन,

हे पत्र माजलगावहून टाकतेय, क्लासला आले आहे. दिंद्रुडच्या पोस्टात माझं अक्षर ओळखून दादांना सांगणारी माणसं आहेत. याला उत्तर देऊ नकोस. तुझं कुठलंही पाकीट आमच्या ओट्यावर फुटतं.

तू मूर्ख आहेस. 'मेंढरं मी राखीन' ऐकून आईचे डोळे भरले, किती समजूतदार पोरगा म्हणाली. मला तो कागद दादांच्या हातातून ओढून फाडावासा वाटला.

कॅमलूप्सला रविराज म्हणून एक मुलगा राहतो. आपल्याच समाजातला, मूळचा तलवाड्याचा, भैयाच्या ओळखीचा. त्याची आई सत्यशीलाबाई सध्या तिथंच आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला बघायचं, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची, म्हणून दोन रात्री. पितृपंधरवड्यात असलं काही करत नाहीत, म्हणून वीस तारखेला निघायचं, म्हणजे तिथं पोचेपर्यंत तो संपतो. पिवळ्या पानांचा यात काही संबंध नाही. मला हे कुणी सांगितलेलं नाही. भैया आईशी फोनवर बोलत होता, ते ऐकलं. घरात अजून मला जंगल दाखवायला नेणार असंच चाललंय. तुझ्या आप्पांनी मेंढरांत उभं राहून एका वाक्यात ओळखलं, की हा मुक्काम सरळ नाही. तू मोबाईलवर गवत बघत बसलास.

पाच ऑक्टोबरला माझी परीक्षा आहे. जनावरांच्या दवाखान्यातली जागा. मागच्या वेळी थोडक्यात गेली. दादा म्हणतात, एकदा बसलीस, हौस झाली. भैयाकडचा मुक्काम नोव्हेंबरपर्यंत आहे, तेव्हा या गाडीत बसले तर त्याआधी परत येत नाही, आणि आले तरी सुपारी फुटलेली. सरळ नाही म्हटलं तर कारण विचारतील, आणि परीक्षा हे कारण आमच्या ओट्यावर चालत नाही. सीट नाही, हे कारण चालेल. दादा व्याह्यांशी सीटवरून भांडणार नाहीत. लाज सोडलेला माणूस समोर आला की ते मागं सरतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

तुला लाज सोडता येईल का? सीट माग. माझा अपमान करून माग, म्हणजे असल्या माणसाबरोबर पोरीला पाठवायचीच नाही असं आईलाही वाटेल. वहिनीला बोल लागला तर मी मध्ये पडेन, तेवढं माझ्याकडं.

बुंदीचं मला त्याच दिवशी, पंगतीत कळलं होतं. त्याचं उत्तर मी देत नाही. हे त्याच्या बदल्यात मागते आहे असं समजू नकोस. तसं समजणार असलास तर मेंढरंच राख.

मंजुषा


चौसाळा
६ जुलै

मामांना रामराम.

या वेळी थेट तुम्हालाच लिहितो. मागच्या पत्रातलं मेंढरं राखायचं मी मागं घेतलं. रागाच्या भरात लिहून गेलो होतो. सातवी सीट माझी.

नकाशा मी पाठ केलाय. कॅनडात दाजींची वाट चुकली तर सांगणारा कोण? मंजुषाताई? त्यांना तर गाडी लागते. लग्नाच्या दिवशी दिंद्रुडहून चौसाळ्याला येईपर्यंत त्यांनी तीनदा जीप थांबवायला लावली आणि सारं वऱ्हाड रस्त्याकडंला उन्हात उभं राहिलं, हे तुमच्याच पाहुण्यांनी आम्हाला सांगितलं. तिकडं तर नुसते डोंगरातले रस्ते. आप्पांच्या धुतल्या धोतरावर कुणी ओकलेलं मला चालणार न्हाई. आणि ज्या बाईचं तोंड दिवसभर पुस्तकात असतं तिला पानं दाखवायला नेऊन उपयोग काय? इथल्या झाडावर कुठली पानं हायत ते तरी त्यांना ठाऊक हाय का?

माझ्या सीटचं पक्कं झाल्याशिवाय आप्पांचं आणि मायचं तिकीट मी काढू देणार न्हाई. मोबाईल माझ्याकडं, पासपोर्ट माझ्या पेटीत. मुलीकडचे म्हणून आम्ही सगळं खाली मान घालून ऐकायचं, ते दिवस गेले. दीपाक्काला माझ्यावरून कुणी काही बोललं तर मी तिथंच गाडीतून उतरंन आणि चालत येईन, मग लोक तुम्हाला विचारतील.

कॅमलूप्स राहू द्या. दोन कशाला, चार रात्री ठेवा. मला आता गवत बघावंसं वाटतंय.

मला लोभी म्हणा, फुकट्या म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. आणि मामींना सांगा, बुंदी पाठवू नका. मला खरंच आवडत न्हाई.

जीवन


दिंद्रुड
१४ जुलै

श्री. जीवन आप्पाराव यांस,

आपले पत्र मिळाले. मोठ्याने वाचले नाही. नोकरीत मी हजारो लोकांची पत्रे पोचवली. असले पत्र माझ्या नावाने येईल असे वाटले नव्हते. मंजुषाच्या आईने दोन घास टाकून ताट सारले. मंजुषा म्हणाली, असल्या माणसाशेजारी बसून मला स्वर्गातही जायचे नाही. तिचे म्हणणे मला पटले.

सीट तुमची. ही तुम्हाला दिलेली नाही, आप्पारावांच्या तोंडाकडे बघून सोडलेली आहे. दीपमाला आमची सून आहे, तिला कोणी काही बोलणार नाही. कॅमलूप्स तसेच राहील. गाडीत माझ्याशी बोलण्याचे कारण नाही.

माणिकराव


कॅमलूप्स
२५ सप्टेंबर

मंजुषा,

तू उत्तर देऊ नको म्हणाली होतीस. पण ओटा आता मोकळा हाय, तुझ्याकडचे सगळे इथं हायत, म्हणून देतो.

मामांनी शब्द पाळला. पाच दिवस झाले, एक अक्षर बोलले न्हाईत. मीठसुद्धा तुझ्या आईच्या हातून माझ्याकडं सरकवतात. दीपाक्का पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात मला म्हणाली, तू असा कधीपासून झालास? मी म्हणालो, कॉलेज सोडल्यापासून. सातवी सीट सगळ्यात मागं असते हे मला ठाऊक नव्हतं. एका बाजूला बॅगा, दुसऱ्या बाजूला मायनं आणलेलं भाकरीचं पीठ, गुडघे हनुवटीला. हिच्यासाठी मी एवढा बदनाम झालो.

बांफला माणसांची जत्रा. झाडाकडं पाठ करून झाडाचा फोटो काढतात. एक बाई पिवळ्या फांदीखाली इतका वेळ हसत उभी होती, की मला तिच्या गालांची काळजी वाटली. पण झाडं, मंजुषा. डोंगरच्या डोंगर हळदीनं माखल्यासारखे. ते लई सुंदर हाय हे मी इथं कुणापुढं कबूल केलेलं न्हाई, करणारही न्हाई. जास्परला मागच्या साली वणवा लागला होता. कोसच्या कोस जळकी खोडं उभी. आप्पांनी गाडी थांबवायला लावली, उतरून एका खोडाला हात लावला आणि दाजींना विचारलं, जनावरं कुठं गेली असतील? दाजींच्या कागदात ते नव्हतं.

आता कॅमलूप्स. उतरल्या उतरल्या आप्पांच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं, कारण डोंगर थेट आपल्याकडच्यासारखे बोडके, तांबूस. त्यांनी गवताची काडी तोडून चावून बघितली, म्हणाले, मेंढरांना चाललं असतं.

रविराजला बघायला मी तयारीनं आलो होतो. टक्कल असंल, आईबापाशी इंग्रजी झाडत असंल, आपल्या माणसांची लाज वाटत असंल, असं धरून चाललो होतो. त्याची भाषा माझ्यापेक्षा गावठी निघाली. सगळ्यांची ताटं त्यानं घासली. आप्पांशेजारी खाली बसून तासभर मेंढरांच्या लाळी रोगाबद्दल विचारत होता. दोन दिवस मी त्याच्यात खोट शोधली. घोरतो, एवढंच सापडलं. मामांनी तुझा फोटो दाखवला, सत्यशीलाबाईंनी तो बराच वेळ हातात धरला.

आज सकाळी पेट्रोल भरायला त्यानं मला सोबत घेतलं. नळी गाडीला लावून उभा राहिला आणि म्हणाला, "खरं सांग बे. पोरगी आली न्हाई, का येऊ दिली न्हाई?"

मी कॅलगरीपासून तीन खोट्या गोष्टी रचून ठेवल्या होत्या. तू भांडकुदळ हाय, तुला दुखणं हाय, तुझं दुसरीकडं ठरलंय. एकही तोंडातून निघाली न्हाई.

"तिला यायचं नव्हतं," मी म्हणालो. "तिची परीक्षा हाय. तिला कुणी विचारलंच न्हाई."

"म्हणून सीट तू घेतलीस?"

"हो."

"माणिकमामा तर म्हणत होते, तुला लोभ सुटला."

"ते बी खोटं न्हाई."

त्यानं नळी काढून जागेवर टांगली. दुपारी जेवायला सगळे बसले तेव्हा त्यानं सांगितलं, मला आत्ता लग्न करायचं न्हाई, हे मी आधी बोलायला हवं होतं, चूक माझी, मोठ्यांनी माफ करावं. तुझं नाव न्हाई, परीक्षेचं नाव न्हाई. त्याच्या आईनं सगळ्यांदेखत त्याला नको नको ते ऐकवलं. मामांचं तोंड उतरलं, दाजी पानं मोजत बसल्यासारखे खिडकीबाहेर बघत राहिले. बोल सगळा त्यानं अंगावर घेतला. तुझ्यावर काही आलं न्हाई. तू खुशाल अभ्यास कर.

म्हणजे तुला मोकळं केलं ते त्यानं. मी नुसता मागच्या सीटवर बसून आलो. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तुला कधी कळलं नसतं आणि तू मला मोठा समजली असतीस. पण ते फुकटचं झालं असतं.

माणूस चांगला हाय. परीक्षा झाल्यावर त्याच्याशी बोलावंसं वाटलं तर दाजींकडं नंबर हाय. मी वाईट वाटून घेणार न्हाई, असं लिहिणार होतो. पण ते खोटं हाय. वाटून घेईन.

जीवन


दिंद्रुड
१८ ऑक्टोबर

जीवन,

तुझं पत्र काल मिळालं. तिकडं उत्तर टाकलं तर तू निघाल्यावर पोचेल, म्हणून हे चौसाळ्याच्या पत्त्यावर टाकतेय. तू येशील तेव्हा तुमची मेंढरं राखणाऱ्या तुझ्या चुलत्यांकडं पडलेलं असेल.

पेपर चांगला गेला. शेवटचा प्रश्न मेंढरांच्या लाळीवरच होता. तुमच्या गप्पांचा मला उपयोग नव्हता, मला येत होतं.

रविराजला फोन केला नाही. चांगला माणूस आहे, चांगला राहो. चांगल्या माणसांशी लग्न करत सुटायचं म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. दोन दिवस त्याच्यात खोट शोधत होतास, त्याऐवजी एखादं झाड नीट बघितलं असतंस तर मला आणखी दोन ओळी वाचायला मिळाल्या असत्या. हळदीची ओळ मी तीनदा वाचली. आणि फुकटचं काय, कमावलेलं काय, ते तू ठरवू नकोस. ते माझं मी ठरवीन.

दादा परत आले की त्यांना मी सगळं सांगणार आहे. परीक्षेचं, माजलगावच्या पत्राचं, सीट तू माझ्या सांगण्यावरून मागितलीस त्याचं. आधी ते चिडतील, मग जेवणार नाहीत, मग तुला बोलावून घेतील. बोलावण्याची वाट बघू नकोस. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला ये आणि ओट्यावर माझ्या शेजारी उभा राहा. एकट्यानं बोलणी खायला मी काही तुझ्यासारखी मूर्ख नाही.

मंजुषा